झिप उघडली, फाईल भरली, सेव्ह केली आणि गायब: राइट-क्लिक मेनूतल्या नेहमीच्या अडचणी

तक्रार साधारण एकाच शब्दांत येते. "झिप उघडली, आतली एक्सेल भरली, सेव्हही केली. आता परत उघडली तर कोरी." मुंबईच्या चाकरमान्याने गावच्या भावाला वाटणीचे कागद पाठवलेले असोत, तारकर्लीच्या होमस्टेवाल्याकडे बुकिंगची यादी आलेली असो, की देवगडच्या बागायतदाराचा फॉर्म सेवा केंद्रात बसून भरायचा असो, घोळ तोच होतो. कारणही बहुतेक वेळा एकच असतं: झिपवर केलेलं डबल-क्लिक.

म्हणून पहिली सवय ही लावा. झिपवर डबल-क्लिक करायचं नाही. राइट-क्लिक करायचं, मेनूतून फाईल बाहेर काढायची आणि मगच तिला हात लावायचा. खालच्या बाकी अडचणी त्यानंतरच्या आहेत.

झिपच्या आत केलेलं काम कुठे जातं

डबल-क्लिक केल्यावर झिप अगदी फोल्डरसारखी उघडते आणि माणूस तिथेच फसतो. ते फोल्डर नाही, अनेक फाइल्स एकत्र दाबून बांधलेली ती एकच फाईल आहे. आतली एक्सेल तुम्ही तिथूनच उघडली की विंडोज तिची एक प्रत टेम्प नावाच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये काढतं आणि ती प्रत तुमच्यासमोर ठेवतं. तुम्ही सेव्ह करता ते त्या प्रतीत. झिपमधली मूळ फाईल होती तशीच राहते. बऱ्याचदा एक्सेलच्या वरच्या पट्टीवर 'रीड-ओन्ली' असं लिहिलेलंही असतं, पण भरायच्या घाईत तिकडे लक्ष जात नाही.

काम गेलंय असं लक्षात आलं तर आधी कॉम्प्युटर बंद करू नका, डिस्क क्लीनअपही चालवू नका. एक्सेल किंवा वर्ड अजून उघडं असेल तर लगेच 'सेव्ह ॲज' करून फाईल डॉक्युमेंट्समध्ये ठेवा, विषय संपला. बंद केलं असेल तर कुठल्याही फोल्डरच्या वरच्या पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत टेम्प हा शब्द दोन टक्केचिन्हांच्या मध्ये टाइप करून एंटर दाबा. तात्पुरतं फोल्डर उघडेल. विंडोज १० मध्ये तिथे 'टेम्प१' आणि पुढे तुमच्या झिपचं नाव असं फोल्डर असतं, भरलेली प्रत त्यात सापडू शकते. ते दिसलं नाही तर उजव्या कोपऱ्यातल्या शोधाच्या चौकटीत एक्सेलचं नाव टाका. जेवढ्या लवकर शोधाल तेवढी मिळण्याची शक्यता जास्त, कारण ही जागा विंडोज आपणहून साफ करत असतं.

सेव्हन-झिप या झिप उघडायच्या वेगळ्या प्रोग्रॅमच्या खिडकीतून फाईल उघडली तर प्रकार थोडा बरा असतो. फाईल बंद केल्यावर ते विचारतं की बदल झालेला आहे, आर्काइव्हमध्ये, म्हणजे झिपमध्ये, घालू का. इथे 'ओके' म्हणायचं असतं. इंग्रजी प्रश्न बघून अनेक जण घाबरून 'कॅन्सल' दाबतात आणि पुन्हा तेच होतं. त्यापेक्षा बाहेर काढूनच काम करा.

मेनूतल्या कोणत्या ओळीवर क्लिक करायचं

विंडोजचा स्वतःचा पर्याय आहे 'एक्स्ट्रॅक्ट ऑल'. तो झिपच्याच नावाचं नवं फोल्डर सुचवतो आणि त्यात सगळं काढतो. साध्या कामाला हा पुरेसा आहे. सेव्हन-झिप बसवलेलं असेल तर तीन सारख्या दिसणाऱ्या ओळी येतात आणि तिथे गोंधळ होतो:

'एक्स्ट्रॅक्ट फाइल्स' ही ओळ एक चौकट उघडते, कुठे काढायचं ते तुम्ही ठरवता. 'एक्स्ट्रॅक्ट हिअर' काहीही न विचारता झिप जिथे आहे तिथेच सगळं ओतते. 'एक्स्ट्रॅक्ट टू' आणि पुढे अवतरणात नाव, ही ओळ त्या नावाचं फोल्डर करून आत काढते.

रोजच्या कामाला ही तिसरी ओळ वापरा. 'एक्स्ट्रॅक्ट हिअर'ने डाउनलोड्समध्ये २०० फोटो ओतले गेले की ते आधीच्या आधार, पॅन, लाइट बिलाच्या पीडीएफमध्ये असे मिसळतात की वेचता वेचता संध्याकाळ होते. तसं झालंच असेल तर कंट्रोल-झेडचा उपयोग होत नाही. 'डेट मॉडिफाइड'ने लावूनही फाइल्स एकत्र येत नाहीत, कारण बाहेर काढलेल्या फाईलला तिची जुनीच तारीख मिळते. काल काढलेला पावसाळ्यातला फोटो जुलैच्या तारखेत जाऊन बसतो. फोल्डरच्या रिकाम्या जागेवर राइट-क्लिक करून 'सॉर्ट बाय', मग 'मोअर', आणि तिथे 'डेट क्रिएटेड' निवडा. नुकत्याच ओतलेल्या फाइल्स बहुतेक वेळा एका गठ्ठ्यात वर येतात. तो गठ्ठा निवडून नव्या फोल्डरमध्ये कट-पेस्ट करा.

एकाच वेळी पाच-सहा झिप आल्या असतील तर सगळ्या निवडा, त्यातल्याच एकीच्या नावावर राइट-क्लिक करा. सेव्हन-झिपच्या तिसऱ्या ओळीत आता नावाऐवजी ताऱ्याचं चिन्ह दिसेल. ती दाबली की प्रत्येक झिप आपापल्या नावाच्या फोल्डरमध्ये निघते.

फोल्डरमध्ये फोल्डर आणि त्यात पुन्हा त्याच नावाचं फोल्डर, हे बघून अनेकांना वाटतं आपण दोनदा काढलं. तसं नसतं. पाठवणाऱ्याने अख्खं फोल्डर झिप केलेलं असतं आणि काढताना त्यावर आणखी एक चढतं. सेव्हन-झिपमध्ये 'टूल्स', 'ऑप्शन्स', मग 'सेव्हन-झिप' या टॅबवर 'एलिमिनेट डुप्लिकेशन ऑफ रूट फोल्डर' अशी ओळ आहे, ती चालू करा. त्याच टॅबवर मेनूत कोणत्या ओळी दिसाव्यात याची यादी आहे. दुकानात किंवा केंद्रात जिथे चार हात एका कॉम्प्युटरवर चालतात, तिथे आमचा स्पष्ट सल्ला: 'एक्स्ट्रॅक्ट हिअर' आणि ईमेलवाल्या सगळ्या ओळींची खूण काढून टाका. ईमेलच्या ओळी कॉम्प्युटरमध्ये बसवलेल्या मेल प्रोग्रॅमवर चालतात. ब्राउझरमध्ये जीमेल उघडणाऱ्याला त्यांचा काहीच उपयोग नाही.

राइट-क्लिक केलं, पण ओळच दिसत नाही

विंडोज ११ असेल तर सेव्हन-झिप हरवलेलं नाही. नवा मेनू आखूड आहे, जुन्या धाटणीच्या प्रोग्रॅमच्या ओळी तळाच्या 'शो मोअर ऑप्शन्स'मध्ये गेल्या आहेत. शिफ्ट दाबून धरून राइट-क्लिक केलं तर थेट जुना, पूर्ण मेनू येतो. विंडोज ११ च्या ताज्या आवृत्त्या रार आणि सेव्हन-झेड या झिपसारख्याच दुसऱ्या प्रकारच्या फाइल्सही आपणहून उघडतात, त्यामुळे नुसतं बाहेर काढायचं असेल तर काही बसवायची गरज नाही. विंडोज १० मध्ये ही सोय नाही, तिथे सेव्हन-झिप लागतंच.

विंडोज १० वरही ओळ दिसत नसेल तर बसवलेलं सेव्हन-झिप ३२-बिटचं आहे का ते बघा. ६४-बिट विंडोजच्या फाईल एक्स्प्लोररला ३२-बिटचा भाग आत घेता येत नाही. प्रोग्रॅम चालतो, मेनूत मात्र येत नाही. ते काढून ६४-बिटचं बसवा. तेही बरोबर असेल तर सेव्हन-झिपवर राइट-क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने उघडा आणि वर सांगितलेल्या टॅबवर 'इंटिग्रेट सेव्हन-झिप टू शेल कॉन्टेक्स्ट मेनू' समोर खूण आहे ना ते तपासा. त्यानंतर टास्क मॅनेजरमध्ये 'विंडोज एक्स्प्लोरर' निवडून 'रीस्टार्ट' करा, अख्खा कॉम्प्युटर बंद-चालू करायची गरज नाही.

एक अगदी साधी चूक मात्र वरच्या सगळ्यांपेक्षा जास्त वेळा घडते. दहा फाइल्स निवडल्या आणि राइट-क्लिक बाजूच्या पांढऱ्या जागेवर पडलं. निवड सुटते आणि फाइल्सचा मेनू न येता फोल्डरचा मेनू येतो. क्लिक निवडलेल्या फाईलच्या नावावरच पडलं पाहिजे. विंडोजच्या 'सेंड टू'मधून झिप करताना तर ज्या फाईलवर क्लिक केलं तिचंच नाव झिपला लागतं. म्हणून फेरफार, आठ-अ आणि सातबारा एकत्र करताना सातबारावर क्लिक करा, निदान नाव तरी कामाचं मिळेल.

"फाईल खराब आहे" असं म्हणते

आगोटीनंतर ही तक्रार वाढते. डाउनलोड निम्म्यावर असताना लाइट जाते, राउटर बंद पडतो, किंवा घाटात रेंज तुटते. ब्राउझरमध्ये फाईल दिसते, नावही बरोबर असतं, उघडायला गेलं की 'इनव्हॅलिड'.

यामागचं कारण कळलं की निम्मी धडपड वाचते. पुस्तकाची अनुक्रमणिका पुढे असते, झिपची शेवटी असते. कोणती फाईल कुठून सुरू होते याची यादी झिपच्या अगदी शेपटाला लिहिलेली असते. त्यामुळे ९५ टक्के उतरलेली झिप ९५ टक्के उघडत नाही. यादीच नसल्यामुळे विंडोजला ती झिप म्हणून ओळखताच येत नाही. सेव्हन-झिप मात्र यादी नसली तरी सुरुवातीपासून चाचपत जातं आणि बऱ्याचदा पुढच्या फाइल्स सुखरूप काढून देतं. शेवटची अर्धवट निघते. पुन्हा डाउनलोड करणं शक्य नसेल तर हा प्रयत्न नक्की करा.

शक्य असेल तर आधी आकार ताडून बघा. झिपवर राइट-क्लिक, 'प्रॉपर्टीज', आणि 'साइज'समोर कंसात दिलेला बाइट्सचा पूर्ण आकडा. पाठवणाऱ्याकडचा आकडा फोनवर विचारा. एकाही बाइटचा फरक असेल तर फाईल अपुरी आहे. आकडा जुळूनही शंका असेल तर दोन्ही बाजूंनी सेव्हन-झिपच्या मेनूतल्या 'सीआरसी एसएचए'मध्ये जाऊन 'एसएचए-२५६', म्हणजे फाईलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा, काढा. ६४ अक्षरांची ओळ येते. पहिली आठ आणि शेवटची आठ एकमेकांना वाचून दाखवली तरी पुरतं.

आणि मेनूतली 'टेस्ट आर्काइव्ह' ही ओळ. ती काहीही बाहेर काढत नाही, आतली प्रत्येक फाईल वाचून बघते आणि 'देअर आर नो एरर्स' असं सांगते. पाठवण्याआधी ही एक ओळ दाबायची सवय लागली तर रत्नागिरीहून पाठवलेली फाईल पुण्यात उघडत नाही म्हणून होणारे फोन कमी होतील. पेनड्राइव्हवर दिलेल्या झिपचीही चाचणी पेनड्राइव्हवरूनच घ्या, आपल्या कॉम्प्युटरवरच्या मूळ प्रतीवरून नव्हे.

कधी आकार हास्यास्पद लहान असतो, ४० एमबीच्या जागी १२ केबी. ती फाईल नोटपॅडमध्ये उघडा: राइट-क्लिक, 'ओपन विथ', 'नोटपॅड'. खरी झिप असेल तर पहिली दोन अक्षरं इंग्रजी पी आणि के असतात, १९८९ मध्ये ही पद्धत काढणाऱ्या फिल कॅट्झच्या नावाची आद्याक्षरं. सुरुवातीला आर, ए, आर आणि उद्गारचिन्ह दिसलं तर ती रार आहे, कुणीतरी नाव बदललंय. सातचा आकडा आणि झेड दिसला तर सेव्हन-झेड. आणि कोनी कंसात एचटीएमएल असं काही दिसलं तर ती झिप नाहीच. लॉगिनची मुदत संपल्यामुळे वेबसाइटने फाईलच्या ऐवजी लॉगिनचं पान दिलंय आणि ब्राउझरने तेच झिपच्या नावाने ठेवलंय. पुन्हा लॉगिन करा आणि नव्याने उतरवा. तीच फाईल दहा वेळा दुरुस्त करून काही होणार नाही. बघून झालं की नोटपॅड सेव्ह न करता बंद करा.

मराठी नावांची दोन दुखणी

पहिलं दुखणं: नावाच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा भलतीच चिन्हं. झिपची पद्धत जुनी, मूळची इंग्रजी अक्षरांपुरती. युनिकोड, म्हणजे मराठीसकट सगळ्या लिप्यांतली, नावं नोंदवायची रीतसर सोय २००६ मध्ये आली. जुना प्रोग्रॅम ती वापरत नाही. विंडोज ७ तर देवनागरी नावाची फाईल झिप करायलाच नकार देतं, या अक्षरांचा वापर करता येत नाही म्हणून. प्रश्नचिन्हं झालेली नावं परत मिळत नाहीत, पण आतला मजकूर शाबूत असतो. फाईल उघडून बघा आणि हाताने नाव द्या. पाठवणाऱ्याला 'ॲड टू आर्काइव्ह' मधून झिपऐवजी सेव्हन-झेड पद्धत निवडायला सांगा. त्यात नावं कायम युनिकोडमध्येच जातात.

दुसरं दुखणं लवकर लक्षात येत नाही. "पाथ टू लाँग" असा संदेश येतो आणि माणूस म्हणतो, नाव तर एवढंसं आहे. कोकणातल्या जमिनीच्या कागदांत हे हमखास होतं: तालुका, गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, सामाईक खातेदार, प्रत्येकाचं एक फोल्डर. विंडोजची सर्वसाधारण मर्यादा ड्राइव्हच्या अक्षरापासून फाईलच्या नावापर्यंत सगळं मिळून २६० अक्षरांची. पण कॉम्प्युटर अक्षरं आपल्यासारखी मोजत नाही. काना, वेलांटी, उकार, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, सगळं वेगवेगळं. 'सिंधुदुर्ग' आपल्याला चार अक्षरी, त्याला दहा: स, वेलांटी, अनुस्वार, ध, उकार, द, उकार, र, हलन्त, ग. 'सर्व्हे नंबर' एवढ्याचे मधली मोकळी जागा धरून बारा होतात. एक्सेल त्याहून कडक, त्याला पूर्ण पत्ता २१८ च्या आतच लागतो. त्यामुळे झिप नीट निघते आणि नेमकी एक्सेलच उघडत नाही.

उपाय सोपा आहे. डी ड्राइव्हवर 'काम' एवढ्याच नावाचं फोल्डर करा. राइट-क्लिक, 'एक्स्ट्रॅक्ट फाइल्स', आणि पत्त्यात ते फोल्डर द्या. डेस्कटॉपवर काढलं की वापरणाऱ्याचं नाव वगैरे पकडून तीस-चाळीस अक्षरं आधीच खर्च झालेली असतात. फोनवर न्यायची फाईल असेल तर नाव आणखी आखूड ठेवा. अँड्रॉइडवर एका नावाला २५५ बाइट्स मिळतात आणि देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट खाते, म्हणजे जेमतेम ८५ खुणा.

पाठवताना

होमस्टेचे फोटो झिप करून लहान होत नाहीत. जेपीजी मुळातच दाबलेला असतो, त्यातून आणखी हवा निघत नाही. ६० एमबीचे फोटो झिप केले तर जवळजवळ ६० एमबीच राहतात. व्हिडिओचं तसंच, वर्डच्या नव्या फाइल्सचंही तसंच, त्या तर आतून झिपच असतात. झिपचा फायदा इथे एवढाच की चाळीस फाइल्सची एक होते. मेलने पाठवायचं तर तुकडे करा: 'ॲड टू आर्काइव्ह', खाली 'स्प्लिट टू व्हॉल्यूम्स' च्या चौकटीत १८ आणि पुढे इंग्रजी एम. जीमेलची मर्यादा २५ एमबी असली तरी मेलमध्ये जाताना जोडलेली फाईल सुमारे एक तृतीयांशाने फुगते, म्हणून १८. ज्याला पाठवताय त्याला सांगा: सगळे तुकडे एकाच फोल्डरमध्ये ठेव, आणि राइट-क्लिक फक्त डॉट ००१ वर कर. ००२ वर केलं तर फाईल खराब आहे असंच दिसेल. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून २ जीबीपर्यंत जातं, तिथे तुकडे नकोत.

पासवर्ड लावताना समोरच्याकडे काय आहे ते आधी विचारा. सेव्हन-झिपमध्ये झिपसाठी 'एईएस-२५६' हे कुलूप निवडलं तर सुरक्षितता चांगली, पण विंडोज १० चं स्वतःचं 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' ती उघडू शकत नाही. पासवर्ड बरोबर असूनही चूक दाखवतं. समोरच्याला सेव्हन-झिप बसवायला सांगा. 'झिपक्रिप्टो' हे दुसरं कुलूप कुठेही उघडतं पण कच्चं आहे, बँकेचे किंवा आधारचे कागद त्यात घालू नका. आणि झिपला पासवर्ड असला तरी आतल्या फाइल्सची नावं कुणालाही दिसतात. नावंही झाकायची तर सेव्हन-झेड पद्धत घेऊन 'एन्क्रिप्ट फाईल नेम्स' वर खूण करा. पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहू नका, फोन करून सांगा.

झिप होताना 'फाईल नॉट फाउंड ऑर नो रीड परमिशन' आलं तर बहुधा त्यातली एखादी एक्सेल दुसऱ्या खिडकीत उघडी आहे. ती बंद करा आणि पुन्हा करा. ४ जीबीच्या वरची झिप पेनड्राइव्हवर जात नसेल तर पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. त्यात एका फाईलला तेवढीच जागा असते. तुकडे करा, किंवा आतलं सगळं दुसरीकडे ठेवून पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

जुन्या झिपमध्ये नवी फाईल घालताना लाइट गेली तर घाबरायचं कारण नाही. सेव्हन-झिप जुन्या झिपला हात न लावता शेजारी डॉट टीएमपी नावाने नवी तयार करत असतं आणि पूर्ण झाल्यावरच नाव बदलतं. अर्धवट राहिलेली टीएमपी काढून टाका, जुन्या झिपवर 'टेस्ट आर्काइव्ह' चालवा आणि फाईल पुन्हा घाला. यासाठी ड्राइव्हवर झिपएवढी मोकळी जागा मात्र लागते. 'डिलीट फाइल्स आफ्टर कॉम्प्रेशन' ही खूण पावसाळ्यात तरी बंदच ठेवा. मूळ फाइल्स चाचणी झाल्यावर हातानेच काढा.